स्वयंपाकघराचे नूतनीकरण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दिवाळी आटोपली की घरातील रखडलेली कामे काढायची, असे ठरवून बसलेल्या वाचकांची बरीच पत्रे यंदा आली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रे स्वयंपाकघराविषयी आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

आमची सदनिका पुण्यात 1994 साली बांधलेल्या इमारतीत आहे. स्वयंपाकघर 8 फूट बाय 10 फूट असून त्याला लागून ड्राय बाल्कनी आहे. एका भिंतीला सरळ ओटा, त्याखाली कडप्प्याचे कप्पे आणि वर लाकडी फडताळ अशी जुनी रचना आहे. आता मॉड्युलर स्वयंपाकघर करण्याचा विचार आहे. दुकानांत फिरून रंग पाहिले, पण कामाची सुरुवात नेमकी कुठून करावी, हे समजत नाही. – एक वाचक, पुणे

रंग सर्वांत शेवटी पाहावेत. सुरुवात भांड्यांपासून करावी. एखाद्या रविवारी स्वयंपाकघरातील सर्व भांडी, डबे आणि उपकरणे बाहेर काढून त्यांचे तीन गट करावेत : रोज लागणारी, आठवड्या-पंधरवड्याने लागणारी आणि सणावारीच हात लागणारी. सोऱ्या, मोदकपात्र, पुरणयंत्र, पंधरा माणसांचे पातेले ही मंडळी माळ्यावर गेली तरी कोणाचे काही अडत नाही; मात्र रोजचा कुकर, तवा, परात आणि मिसळणाचा डबा गुडघ्याच्या वर आणि डोळ्यांच्या पातळीच्या खाली, म्हणजे न वाकता आणि टाचा न उंचावता हाती येतील असेच असावेत. हे वर्गीकरण करतानाच सर्वांत मोठ्या परातीचा व्यास, दांड्यासकट कुकरची लांबी, तेलाच्या डब्याची उंची आणि धान्याच्या डब्यांचा घेर मोजून कागदावर लिहून ठेवावा. ट्रॉल्या ठराविक मापांत मिळतात आणि 15 इंची ट्रॉलीत 16 इंची परात आडवी राहत नाही, हे पैसे भरल्यानंतर कळण्यात अर्थ नाही. त्यातही सगळीकडे तारेच्या ट्रॉल्या घालू नयेत. पोळपाट, परात आणि ताटांसाठी उभ्या फळ्यांचा अरुंद कप्पा पुरतो, आणि तो स्वस्तही पडतो.

दुसरा टप्पा कामाच्या क्रमाचा. जिन्नस फ्रिजमधून किंवा डब्यातून निघतो, सिंकपाशी धुतला जातो, ओट्यावर चिरला जातो आणि शेगडीवर चढतो; हा क्रम एका दिशेने चालला की पावले वाचतात. म्हणून सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये किमान अडीच ते तीन फूट मोकळा ओटा ठेवावा, कारण चिरणे, मळणे, वाटणे ही खरी कामे तिथेच होतात. शेगडीच्या दुसऱ्या बाजूलाही उतरवलेले पातेले ठेवण्यापुरती फूट-दीड फूट जागा हवी. शेगडी खिडकीच्या थेट समोर नको, कारण वाऱ्याने ज्योत हलते. अगदी कोपऱ्यातही नको, कारण मग एका हाताला कोपर भिंतीवर आपटत काम करावे लागते. आपल्या 8 फूट रुंदीत समोरासमोर दोन-दोन फुटांचे ओटे घातले तरी मध्ये 4 फूट वाट उरते आणि दोन माणसे एकमेकांना न अडता वावरू शकतात. साडेतीन फुटांपेक्षा कमी वाट मात्र ठेवू नये. ड्राय बाल्कनीचे दार 8 फुटी भिंतीत असेल तर समोरासमोर ओटे करावेत, ते 10 फुटी भिंतीत असेल तर काटकोनी रचना बरी. भांडी घासायला मावशी येत असतील आणि ते काम बाल्कनीत होत असेल, तर आतले सिंक लहान घेऊन ओट्याची जागा वाढवता येते. भांडी आतच घासली जात असतील तर एकच, पण कढई पूर्ण मावेल असे 24 इंच लांब आणि 9 ते 10 इंच खोल सिंक घ्यावे. दोन लहान भांड्यांचे जोडसिंक दिसायला ऐटबाज असते, पण त्यात आपली कढई धुताना अर्धे पाणी ओट्यावर येते.

तिसरा टप्पा भिंतीच्या आतला आहे आणि माझ्या मते पैसा सर्वांत आधी तिथे घालावा. त्या काळातील अनेक इमारतींत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी नळ आहेत, जे आतून गंजत जातात. ओटा उखडलेला असतानाच ते बदलून सीपीव्हीसी या न गंजणाऱ्या प्लास्टिकचे नळ टाकावेत. तारा तितक्याच जुन्या असतील तर त्याही बदलाव्यात. इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह, ओव्हन आणि डिशवॉशर यांना प्रत्येकी स्वतंत्र 16 अँपिअरचे सॉकेट द्यावे, मिक्सर आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राला 6 अँपिअरचे चालते. गळतीचा विद्युतप्रवाह ओळखून वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा स्विच स्वयंपाकघराच्या वीजजोडणीवर अवश्य असावा, कारण इथे ओले हात आणि वीज यांची गाठ रोजचीच आहे. सॉकेट शेगडीच्या मागे किंवा सिंकच्या डोक्यावर येऊ देऊ नये. बरीच नवी उपकरणे घेणार असाल तर महावितरणकडील मंजूर भार पुरेसा आहे का, तेही आधी पाहून घ्यावे.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा असतो : तोडफोड, नळ आणि तारांच्या खाचा, जलरोधक थर आणि त्याची पाणी साठवून चाचणी, फरशी, ओटा, डाडो म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरील टाइल, त्यानंतर ट्रॉल्यांचे अंतिम मोजमाप, रंगकाम आणि शेवटी जोडणी. ट्रॉल्यांचे माप ओटा बसण्यापूर्वी घेऊन कारखान्यात काम सुरू करण्याची घाई काही जण करतात, ती होऊ देऊ नये. जुन्या इमारतींच्या भिंती काटकोनात नसतात आणि अर्ध्या इंचाचा फरकही कप्पा अडकवतो.

माझी उंची 5 फूट 7 इंच आहे आणि सासूबाईंची 4 फूट 10 इंच. दोघीही रोज स्वयंपाक करतो. सध्याच्या ओट्याने माझी कंबर दुखते, तर उंच ओटा केला तर आईंना त्रास होईल. मधला मार्ग आहे का? – एक वाचक, नागपूर

आहे, परंतु त्यासाठी 'ओट्याची उंची' ही एकच गोष्ट मानणे सोडावे लागेल. सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे; त्यातून चार ते सहा इंच वजा केले की चिरण्या-निवडण्यासाठी सोयीची उंची मिळते. या हिशेबाने सासूबाईंसाठी ती 31 ते 32 इंच आणि तुमच्यासाठी 36 ते 37 इंचांच्या आसपास येईल. गवंडी सवयीने 32 किंवा 33 इंचांवर ओटा बांधतात, म्हणून उंच व्यक्तींची कंबर धरते.

मात्र प्रत्येक कामाची सोयीची उंची वेगळी आहे. पोळी लाटताना खांद्याचा जोर वरून यावा लागतो, त्यामुळे लाटण्याची जागा चिरण्याच्या जागेपेक्षा खाली हवी. शेगडी ओट्यावर ठेवली की तिचीच उंची चार ते सहा इंचांनी वाढते आणि वरच्या कुकरमध्ये डोकावताना सासूबाईंना टाचा उंचवाव्या लागतात. उलट सिंकचा तळ ओट्याच्या पातळीपेक्षा नऊ-दहा इंच खाली असतो, त्यामुळे भांडी घासताना सर्वाधिक वाकावे लागते ते तिथेच. तेव्हा मुख्य ओटा 34 इंचांवर घ्यावा, ओट्यावर ठेवायच्या शेगडीऐवजी दगडात कापून बसवायची बर्नरपट्टी घ्यावी, म्हणजे भांड्याचा तळ फार वर जात नाही, आणि सिंकचा भाग स्वतंत्र भिंतीला असेल तर तो 36 इंचांवर न्यावा. एकाच सलग ओट्यात पायरी करणे मी सहसा सुचवत नाही. पातेले सरकवता येत नाही, पायरीच्या सांध्यात कणीक आणि पाणी साठते आणि जागाही वाया जाते.

पोळ्यांसाठी ओट्याखाली 29 ते 30 इंचांवर बाहेर ओढता येणारी भक्कम फळी बसवावी. तेवढी जागा नसेल तर जेवणाचे टेबल साधारण 30 इंच उंच असते आणि त्यावर बसून किंवा उभ्याने लाटणे सासूबाईंना ओट्यापेक्षा सोपे जाईल. आणखी एक गोष्ट बहुतेक सुतार विसरतात : ओट्याच्या तळाशी चार इंच उंच आणि तीन इंच खोल अशी पाय आत जाण्याची खाच. ती नसेल तर माणूस ओट्यापासून दूर, पुढे झुकून उभा राहतो, आणि मग उंची कितीही अचूक असली तरी पाठ दुखतेच.

स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांतील भिंत पाडून मोकळे स्वयंपाकघर करायचे आहे. सिंकही दुसऱ्या भिंतीला न्यायचे आहे. शेजाऱ्यांनी असेच केले आहे. सोसायटीला कळवणे आवश्यक आहे का? – एक वाचक, ठाणे

आवश्यक आहे, आणि केवळ कळवून भागत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींनुसार सदनिकेत फेरफार करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. शेजाऱ्यांनी केले म्हणून आपल्याकडे चालेल, असेही नाही, कारण प्रश्न इमारतीच्या बांधणीचा आहे. जुन्या भारवाही भिंतींच्या इमारतीत वरच्या मजल्यांचे ओझे भिंतींवरच असते. तिथे भिंतीला हात लावणे म्हणजे वरच्या कुटुंबाच्या पायाखालचा आधार काढणे. स्तंभ आणि तुळयांच्या इमारतीत विटांची आतली भिंत सामान्यतः काढता येते, पण तिच्यात लपलेला स्तंभ किंवा तिच्या माथ्यावरची तुळई ओळखण्यासाठी संरचना अभियंत्याचा अभिप्राय हवा. अलीकडच्या अनेक उंच इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून, म्हणजे बिल्डरांच्या भाषेत 'मिव्हान' पद्धतीने उभारलेल्या आहेत. त्यांतील बऱ्याचशा भिंती काँक्रीटच्या आणि भार वाहणाऱ्या असतात. त्या पाडता तर येत नाहीतच, नळ-तारांसाठी त्यांत खाचा पाडणेही धोक्याचे असते.

सिंक हलवणे तुलनेने सोपे आहे, कारण त्याचा सांडपाण्याचा नळ फरशी न फोडता ट्रॉल्यांच्या मागून नेता येतो. त्याला दर 40 इंचांमागे सुमारे एक इंच उतार द्यावा आणि त्यासाठी ट्रॉल्यांची खोली दोन-तीन इंचांनी कमी धरावी. सिंक खालच्या घराच्या झोपण्याच्या खोलीवर येणार असेल तर मात्र बेत सोडावा.

मोकळ्या स्वयंपाकघराविषयी माझे मत विचारले नसले तरी सांगतो. ज्या घरात रोज मिरची-लसणाची फोडणी बसते आणि आठवड्यातून दोनदा बांगडे तळले जातात, त्या घराने पूर्ण भिंत काढण्याऐवजी वरच्या अर्ध्या भागात सरकत्या काचेची खिडकी करावी. उजेड आणि गप्पा दोन्ही मिळतात, आणि सोफ्याच्या कापडाला वास लागत नाही.

घरात नळाचा गॅस असेल तर त्याचा नळ किंवा मीटर हलवण्याचे काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावे, घरच्या प्लंबरकडून नव्हे. इथे एक बारीक पण महत्त्वाचा भेद आहे. नळाचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाल्यास वर चढतो, तर सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली साठतो. म्हणून नळाचा गॅस असलेल्या घरात वरचा झरोका कधीही बुजवू नये, आणि सिलिंडर ओट्याखाली ठेवत असाल तर त्या कप्प्याच्या दाराला तळाशी जाळी किंवा फटी असाव्यात. सिलिंडरची सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलावी. ती भिंतीतून किंवा फळीमागून दिसेनाशी करू नये.

ओट्यासाठी ग्रॅनाइट, क्वार्ट्झ की पांढरा संगमरवर? – अनेक वाचक

संगमरवर नको. तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट आहे. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो यांतील आम्लाने त्याची चकाकी जाते आणि डाग कायमचे बसतात. कडप्पादेखील चुनखडीचाच दगड आहे, त्यामुळे ओट्याच्या पृष्ठभागासाठी तो दुय्यम, परंतु खालच्या उभ्या आधारांसाठी आणि कप्प्यांसाठी उत्तम आणि स्वस्त. क्वार्ट्झ हा दगडाचा चुरा राळेत दाबून तयार केलेला असतो. तो सलग रंगाचा, डाग न धरणारा आणि देखणा असतो, पण त्यातील राळ उष्णतेने पिवळी पडते किंवा तडकते. आपल्याकडे शिटी झालेला कुकर उतरवून सरळ ओट्यावर ठेवण्याची सवय आहे. ती बदलणार असाल तर क्वार्ट्झ घ्यावा. नाहीतर 18 ते 20 मिलिमीटर जाडीचा गडद ग्रॅनाइट घ्यावा. फिकट ग्रॅनाइट तेल शोषतो आणि त्याला वेळोवेळी संरक्षक लेप द्यावा लागतो. दगड कोणताही असो, त्याचा जोड सिंकच्या काठाशी येऊ देऊ नये आणि पुढच्या कडेच्या खालच्या बाजूस पाणी थेंबून पडावे म्हणून बारीक खाच कापून घ्यावी. ती नसेल तर पाणी कडेवरून वळून आत ट्रॉल्यांच्या दारांवर ओघळते.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रापासून जवळ आहे. पाच वर्षांपूर्वी केलेल्या ट्रॉल्यांच्या फळ्या फुगल्या आहेत, दोन ठिकाणी वाळवी लागली आहे आणि 'स्टेनलेस' म्हणून दिलेल्या तारांवर गंजाचे ठिपके आले आहेत. आता काय वापरावे? – एक वाचक, रत्नागिरी

फुगण्याच्या वर्णनावरून त्या फळ्या भुशाच्या दाबीव फळ्या असाव्यात. कोकणातील पावसाळ्यात त्या ओट्याखाली वापरूच नयेत. शक्य असल्यास ओट्याखालचे उभे-आडवे आधार कडप्प्याचे किंवा पक्क्या बांधकामाचे करावेत आणि त्यांत थेट ट्रॉल्यांची चॅनेल्स, म्हणजे खण सरकवणाऱ्या पट्ट्या, बसवावीत; दारांना ॲल्युमिनियमची चौकट चालते. दिसायला हे थोडे साधे असते, पण वाळवीला खायला काही उरत नाही आणि फरशी बिनधास्त धुता येते. लाकूडच हवे असेल तर आय. एस. 710 या मानकाचा शिक्का असलेले, उकळत्या पाण्याच्या 72 तासांच्या चाचणीत टिकणारे प्लायवूड घ्यावे आणि त्याच्या सर्व कडा, अगदी सिंकच्या नळासाठी पाडलेल्या भोकांच्या आतल्या कडासुद्धा, बंद करून घ्याव्यात, कारण पाणी पृष्ठभागातून नव्हे तर कापलेल्या कडेतून शिरते. कप्पे जमिनीपासून चार इंच उंच प्लास्टिकच्या पायांवर उचललेले असावेत. वाळवी आधीच आली असल्याने नवे काम सुरू करण्यापूर्वी फरशी आणि भिंतीच्या सांध्यांत भोके पाडून औषध भरून घेणे टाळू नये.

गंजलेल्या तारा बहुधा 202 प्रतीच्या स्टीलच्या असतील. 304 प्रतीत निकेल अधिक असल्याने ती बरीच टिकते, आणि खाऱ्या हवेत 316 अधिक चांगली, पण महाग. दुकानदार लोहचुंबक लावून 'चिकटत नाही, म्हणजे अस्सल' असे दाखवतात, त्यावर विसंबू नये. 202 लाही चुंबक चिकटत नाही. प्रत बिलावर लिहून घ्यावी.

चिमणी किती उंचीवर आणि किती मोठी असावी? – एक वाचक, नाशिक

शेगडीच्या पृष्ठभागापासून 65 ते 75 सेंटिमीटर उंचीवर. रुंदी शेगडीएवढी किंवा किंचित जास्त. चार बर्नरच्या शेगडीला 90 सेंटिमीटरची. जाहिरातीतील ओढशक्तीच्या आकड्यापेक्षा धूर बाहेर नेणाऱ्या नळीकडे लक्ष द्यावे. ती सहा इंच व्यासाची, आखूड आणि एक-दोनच वळणांची असावी. प्रत्येक काटकोनी वळण ओढ कमी करते. चिमणी चालू असताना दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवावी, कारण बाहेरून हवा आत आल्याशिवाय आतली हवा बाहेर जाणार नाही. नळीशिवाय चालणाऱ्या चिमण्या धूर गाळून पुन्हा घरातच सोडतात. आपल्या फोडणीपुढे त्यांचा टिकाव लागत नाही.

स्वयंपाकघर लहान आणि काळोखे आहे. ते मोठे आणि प्रसन्न दिसावे यासाठी काय करावे? – एक वाचक, डोंबिवली

दिवा छताच्या मधोमध असला की ओट्यापाशी उभे राहणाऱ्याची सावली नेमकी विळीवर पडते. वरच्या कपाटांच्या तळाशी, पुढच्या कडेजवळ 4000 केल्व्हिनच्या पांढऱ्या प्रकाशाची एलईडी पट्टी लावावी. अर्धा काळोख तिथेच जातो. वरची कपाटे ओट्यापासून 20 ते 24 इंच वर आणि 12 ते 14 इंचच खोल घ्यावीत, म्हणजे डोके आपटत नाही आणि ओटा झाकोळत नाही. ती छतापर्यंत नेली की वरती धूळ आणि तेलकटपणा साठत नाही, शिवाय खोली उंच वाटते. वर फिकट आणि खाली जरा गडद रंग ठेवावा. डाडोला मोठ्या, सांधे कमी असलेल्या टाइल लावून सांधे इपॉक्सीने भरावेत, नाहीतर सहा महिन्यांत हळदीच्या रेषा उमटतात. आरशासारखी चकचकीत दारे दुकानात मोहात पाडतात, पण त्यांवर प्रत्येक बोट दिसते. मंद चमक बरी. एखादा कप्पा उघडा ठेवून तिथे घरातली तांब्या-पितळेची भांडी मांडली तर वेगळ्या सजावटीची गरज राहत नाही. मात्र रोज पुसण्याची तयारी असेल तरच, आणि शेगडीपासून दूर.

दोन कंत्राटदारांच्या दरपत्रकांत मोठी तफावत आहे. दोघेही 'उत्तम दर्जाचे साहित्य' वापरणार, असे म्हणतात. निवड कशी करावी? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

'उत्तम दर्जा' या शब्दांना दरपत्रकात काहीही किंमत नाही. प्लायवूडचे मानक आणि जाडी, दारांच्या बाहेरच्या लॅमिनेटची जाडी, फळ्यांच्या कडा झाकणारी कडपट्टी यंत्रावर लावणार की हाताने, चॅनेल किती किलो वजन पेलणारी, बिजागऱ्यांचा कारखाना कोणता, स्टीलची प्रत कोणती, हे सर्व दोघांकडूनही लेखी घ्यावे. मग पाहावे की एकाने ओट्याच्या लांबीवर धावत्या फुटाने आणि दुसऱ्याने दर्शनी क्षेत्रफळावर चौरस फुटाने दर लावला आहे का. तसे असेल तर दोन्ही आकडे तुलनेलाच पात्र नाहीत. दोघांनाही एकाच आराखड्यावर, कप्पा-कप्प्याची वेगळी किंमत लिहायला सांगावे. तोडफोड, राडारोडा उचलणे, नळ आणि विजेचे काम, सिंक, नळाची तोटी, हँडल आणि 18 टक्के जीएसटी या रकमा दरात धरल्या आहेत की नाहीत, याचीही विचारणा करावी. बहुतेक वेळा स्वस्त दरपत्रक स्वस्त ठरते ते याच गोष्टी वगळल्यामुळे.

खर्चाला कात्री लावायचीच असेल तर ती दारांच्या बाहेरच्या दिखाव्याला लावावी, चॅनेल आणि बिजागऱ्यांना नव्हे. साध्या लॅमिनेटचे दार दहा वर्षांनी बदलता येते, पण रोज पन्नास वेळा उघडणारा खण पहिल्या वर्षीच लोंबकळू लागला तर सगळेच काम निकृष्ट वाटते. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि अखेरचा दहावा हिस्सा जोडणी पूर्ण होऊन सर्व खण भांडी भरून तपासल्यावरच द्यावा. नळ आणि तारांच्या खाचा बुजवण्याआधी सर्व भिंतींची छायाचित्रे मोजपट्टी लावून काढून ठेवावीत. पुढे खिळा ठोकताना किंवा गळती शोधताना तीच उपयोगी पडतात.